सहा नंबरचा फोटो

महाड,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५५

चि. मुरारी यास आबाजीचे मनापासून आशीर्वाद.

आम्ही उभयता खुशाल आहोत. माझा डावा गुडघा तेवढा वगळून, पण तो काही वर्षांपासून आमच्या कुटुंबात नाहीच असे मी धरून चालतो. तुमच्याकडील सर्वांच्या प्रकृती कळवाव्यात. सासूबाईंना, म्हणजे तुझ्या मातोश्रींना, साष्टांग नमस्कार सांग. (साष्टांगातला गुडघा फक्त कागदोपत्री समजावा.) हे पत्र मुद्दाम मोडीत लिहिले आहे. तुझी ताई बाळबोध वाचते, मोडी तिला येत नाही, आणि पुढील मजकूर तिच्या नजरेस न पडलेला बरा.

तू पाठवलेली फोटोची काळी पेटी सुखरूप मिळाली. काम काय ते आपल्या दोघांना ठाऊक आहे, तरी तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला मागील हकीकत नमूद केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या लग्नात सासूबाईंनी ताईला अंजिरी लुगडे दिले. ते लुगडे त्याआधी तीन दिवाळ्या ताईनेच सासूबाईंना दिले होते, आणि ही गोष्ट ताईने भर मांडवात, वाजंत्री थांबलेली असताना सांगितली. (तू अंतरपाटामागे होतास, तुला नीट ऐकू आले नसेल.) त्यावर सासूबाई म्हणाल्या, पुन्हा तुझे तोंड बघायची नाही. दोघींनी शब्द पाळला. आता सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पुढल्या आठवड्यात बुधवारी शस्त्रक्रिया, डॉक्टर खात्री देत नाही, आणि सासूबाईंना त्याआधी एकदा आपल्या लेकीला, आनंदीला, बघायचे आहे. शपथ मोडायची नाही म्हणून त्यांनी तोड काढली, की तोंड बघणार नाही असे म्हटले होते, फोटो बघणार नाही असे कुठे म्हटले? मामलेदार कचेरीत मी नामांकित वकील पाहिले, पण कायद्याचा इतका बारीक कीस काढणारा कुणी आढळला नाही. हे ताईच्या कानावर घातले, तर ती म्हणाली, "तोंड नको ना तिला? मग चित्र तरी कशाला?" आणि चूल फुंकायला आत गेली.

तेव्हा तू युक्ती कळवलीस, की आळीआळीतून हिंडून बेसावध माणसांचे फोटो घ्यावेत, मुंबईत हल्ली ही एक कलाच आहे, त्यात ताईही नकळत येऊन जाईल. मुरारी, मुंबईत माणसे बेसावध असतील. आमच्या आळीत कुणाच्या घरी कुठली भाजी फोडणीला पडली ते सात घरांना ठाऊक असते.

शिवाय बोळाची रुंदी तुला आठवत असेलच. समोरून छत्रीवाला आला तर एकाला छत्री मिटावी लागते. तुझी पेटी म्हणते, माणूस तीन पावलांवर हवा. तीन पावले मागे गेले की मी समोरच्या रंगूबाईच्या माजघरात. ऊन बोळात उतरते ते बारा वाजता, आणि अर्ध्या तासात परत जाते. त्यात तुझ्या पेटीवरच्या भिंगात मान खाली घालून बघावे लागते. पहिल्या दिवशी मी पेटी पोटाशी धरून पाव तास असा खाली बघत उभा राहिलो, तर रंगूबाईने विचारले, "आबाजी, पोटात कळ आली काय?" आणि मुठीने ओवा आणून दिला. तो खाल्ला. (खरे कारण सांगायची सोय होती काय?) तेवढ्यात वाटेने जाणाऱ्यांना वाटले, माझे काही हरवले आहे. चौघेजण वाकून शोधू लागले आणि काय हरवले हे एकानेही विचारले नाही. एक नंबरच्या फोटोत चार पाठी आहेत त्या त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी उठवले, की आबाजीला सरकारने बोळाची मापे घ्यायला नेमले. दुपारपर्यंत ज्याने त्याने बोळात सरकवलेल्या फळ्या, रांजण, पायऱ्यांचे दगड निमूटपणे आत ओढून घेतले. बोळ हातभर रुंद झाला. मला आनंद झाला, पण फोटो काढायला माणूस कुठे? सगळी दारे बंद. दोन नंबरमध्ये निव्वळ बोळ आहे. तिसऱ्या दिवशी ताई वीरेश्वराच्या देवळातून परतायच्या वेळी मी दबा धरून बसलो. ती भिंगात उजवीकडे दिसली म्हणून मी उजवीकडे वळलो. ती डावीकडे होती. भिंगात उलटे दिसते हे तू लिहायला विसरलास. तीन नंबरला भिंत आली आहे, गोवऱ्यांसकट.

चौथ्या वेळी नेम अचूक धरला होता. पण तो बाजाराचा दिवस, आणि पोलादपूरच्या वरच्या वाडीतली धोंडूबाई तुपाचा डबा डोक्यावर घेऊन मधेच थबकली. तिला ती पेटी लांबूनच ओळखता आली. आळीत कुणालाच आली नव्हती. "फोटूची पेटी न्हवं का ही? माजा येसाजी मुंबैला हाय," ती म्हणाली. "त्येला धाडा. म्हनावं, आय जित्ती हाय, डबा बी तिच्याच डोक्यावर हाय." आणि खांबासारखी उभी राहिली. तिच्यामागून ताई निघून गेली. मी धोंडूबाईला नाही म्हणू शकलो नाही. येसाजीचा पत्ता मागच्या बाजूस लिहिला आहे. त्याला एक प्रत नक्की पोचव. पाचव्याविषयी थोडक्यात सांगतो: मागे सरकताना रंगूबाईचा उंबरठा लागला आणि मी तिच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसलो. त्या फोटोत बहुधा छपराचे आढे आले असेल.

आता पेटी फोटोची आहे हे साऱ्या आळीला कळले. रंगूबाईने पापडांच्या बदल्यात फोटो मागितला आणि नटायला ताईकडेच गेली. ताईचा हात आईखेरीज सगळ्यांना मोकळा. तिने आपली नथ दिली, मोत्यांच्या कुड्या दिल्या, आणि ट्रंकेच्या तळातून काय काढून द्यावे? तेच अंजिरी लुगडे! नऊ वर्षांत तिने त्याची घडी मोडली नव्हती. "कुणीतरी नेसायलाच हवं," एवढेच म्हणाली. रंगूबाई ताईच्याच अंगाची, ताईच्याच उंचीची. डावा डोळा तेवढा पोलादपूरकडे बघतो. हा सहा नंबर. मला तो सर्वांत चांगला वाटतो.

सातव्या वेळी मी कला सोडली आणि ताईसमोर उघड जाऊन बसलो. ती तांदूळ पाखडत होती. आईला तुला एकदा बघायचे आहे, बुधवारनंतर दिसेल न दिसेल, असे सरळ सांगितले आणि खिट्टी दाबली. तिने तोंडासमोर सूप धरले. सात नंबरचा फोटो सुपाचा आहे. थोड्या वेळाने सूप खाली आले, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. आठवा फोटो शिल्लक होता, ऊनही होते, पण मला तो घेववला नाही. वाईट वाटले रे. रीळ सोबत पाठवत आहे. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुझा,
आबाजी

ता. क. पत्राचे खरे कारण हे, की सासूबाईंना सहा नंबर दाखव. नथ त्या ओळखतील, लुगडे तर ओळखतीलच, आणि मोतीबिंदूतून डोळ्याचे काही दिसायचे नाही. दिसलेच तर ऊन डोळ्यांवर आले म्हणून सांग. म्हातारीला समाधान लाभेल. पाप लागले तर निम्मे माझ्या नावावर घाल.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायला शिते हवीत म्हणून ताईकडे देत आहे. मोडीचा हा मोठाच फायदा.

(खाली बाळबोधीत, निराळ्या अक्षरात)

मुरारी, वरचं सगळं वाचलं. मोडी मला येते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांच्या दप्तरातल्या कागदांवरून शिकले. ह्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

सहा नंबर आईला मुळीच दाखवू नको. रंगू गुणाची आहे, पण आईनं कदाचित शेवटचं बघायचं ते रंगूचं तोंड? बुधवारच्या आधीच, ह्या शुक्रवारी, मी सकाळच्या मोटारीनं धरमतरला आणि तिथून आगबोटीनं येते. धक्क्यावर ये. हेही बरोबर येतील, ह्यांना अजून माहीत नाही. लुगड्याची घडी रंगूनं मोडलीच आहे, तेव्हा तेच नेसून येते.

शपथ आईची आहे, माझी नाही. तिला डोळे मिटून घ्यायचे असले तर खुशाल घेऊ दे. ती उघडीपर्यंत मी समोरून हलायची नाही.

ताई