मागच्या खोलीतल्या चुलीची व्यवस्था

टण्… टण्… टण्! वडूजच्या शाळेत चिंचेला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शिपाई टोले हाणायचा आणि साठ पोरं एका सुरात कविता धरायची. तो नाद आजही कानात घेऊन मी, हरिबा गुंडा माळी, निवृत्त शिक्षक, वय ७९, राहणार प्लॉट नंबर १४, निशिगंध कॉलनी, मिरज, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. खात्रीसाठी डॉक्टरांना सातवीच्या पुस्तकातल्या आठ कविता म्हणून दाखवल्या. नववी कविता सुरू करताच त्यांनी दाखला लिहून दिला.

१. पुढचे घर मुलगा इंद्रजित व सून स्वप्नाली यांस. गच्चीवरचा मोगरा इंद्रजितच्या आईने लावलेला आहे. त्याला पाणी चुकवू नये.

२. मागची खोली, दहा बाय बारा, न्हाणीसह, माझी धाकटी बहीण शालूबाई हिला तहहयात. नवरा वारल्यावर ती जतहून आली, तेव्हा उंबऱ्यातच म्हणाली, "दादा, तुज्याकडं ऱ्हाईन, पर चूल माजी येगळी." चूल म्हणजे गॅसची शेगडीच, पण तिच्यावर काय रटरटावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

इथे कॉलनीचा नियम आडवा आला. एका प्लॉटवर एक कुटुंब, एक स्वयंपाकघर. मागे सामानाची खोली चालते, चूल चालत नाही. शेजारचे प्लॉट १५ वाले माजी सुभेदार नानासो यांनी अर्ज ठोकला. पाहणीला साहेब आले. शेगडी मी स्वतः पोत्याखाली झाकली होती. सगळा बेत जमला होता हो! पण उन्हातून आलेला माणूस कोरडा कसा धाडायचा? शालूने पोते बाजूला केले, शेगडी पेटवली आणि आल्याचा चहा पुढे केला. साहेब दोन कप प्यायले, "लय झकास," म्हणाले आणि अहवालात लिहून गेले: स्वतंत्र स्वयंपाकघर आढळले. तेव्हापासून शेगडी काढा म्हणून नोटिसा येतात आणि शेगडी तिथेच आहे.

३. यंदा कॉलनीने नियम सैल केला. लगतच्या प्लॉटवाल्याने लेखी संमती दिल्यास मागे चूल ठेवता येईल. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. लगतचे म्हणजे नानासोच, आणि त्या अर्जापासून आमचा सात वर्षे अबोला. संमती न आल्यास शेगडी निघेल आणि माझ्यामागे शालू सुनेला विचारून दूध तापवेल. स्वप्नाली गुणी आहे, तरी विचारावे लागणे ते लागणेच.

४. नानासो यांस माझ्या आंब्याची त्यांच्या हद्दीत घुसलेली फांदी, फळांसकट. तोडायचीच असेल तर आंबे उतरल्यावर तोडावी.

५. कवितांच्या वह्या, ज्याला चालीवर म्हणता येतील त्याला. घरात कुणालाच न आल्यास शालूला. ती चाल चुकवते, पण जोरात म्हणते.

६. शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा तो रुळाचा तुकडा मी मागून आणला आणि शालूच्या दाराशी टांगला. तोही तिलाच. स्वतःचे दार असले की स्वतःची घंटाही हवी.

साक्षीला तंबोरे बनवणारे मित्र दस्तगीर समोर बसले आहेत. दुसऱ्या साक्षीदाराचा पत्ता नाही. वेळ पाच चाळीस.

थांबा. टण्!

रूळ वाजला. शालूच्या दारात नानासो उभे, हातात कागद.

"ह्यो घ्या, शालूताई. सही केलीया."

मी म्हणालो, "सुभेदार, मग सात वर्षांमागं अर्ज कशापायी?"

"आवं मास्तर, आल्याचा वास रोज भिंतीवरनं येतो. कप एकबी आला न्हाई!"

दस्तगीर खदखदून हसले, "मग च्यासाठी अर्ज करायचा गड्या, खोलीवर कशाला?"

शालूने शेगडी पेटवली. आता पोत्याखाली लपवायचे कारण उरले नव्हते.

दुरुस्ती: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे दस्तगीर म्हणतात. म्हणून फांदी आजच जिवंतपणी दिली. कलम ४ रद्द.

लिहून देणार: हरिबा गुंडा माळी
साक्षीदार: १. दस्तगीर मुजावर
२. नानासो पाटील, माजी सुभेदार (दुसऱ्या कपानंतर सही केली)

मिरज, ७ डिसेंबर २०२५