वाटे करणाऱ्याचा हात

बाबा, गावानं मला लॅपटॉप घेऊन द्यायचं ठरवलं आहे, आणि केवढ्याचा घ्यायचा ते मीच सांगायचं आहे. तेंदूपत्त्याचे पैसे आता ग्रामसभेच्या खात्यात येतात, तुम्ही गेलात तोवर तसं नव्हतं. चंद्रपूरला मी नकाशे बनवायला शिकते आणि वर्गातल्या जुन्या संगणकासाठी पाळी लावून बसते, हे कुणीतरी सभेत सांगितलं. मी म्हटलं, एक आकडा तुम्हीच ठरवा. मोठी आई म्हणाली, "आमाले का समजते त्यातलं? आपल्या घरात शाळा तूच शिकली. तुले लागन तेवढे सांग. जंगलाचा नकाशा आता आपलीच पोरगी काढन." मागून एक जण म्हणाला, "लॅपटॉपच्या पैशात तं बैलजोडी येते." त्यावर तीच म्हणाली, "येते ना. पन हे चारा नाई खात." सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही.

दुकानदार आता मला ओळखतो. "ताई, बजेट सांगा पहिले," एवढंच म्हणतो. पस्तीस हजारांचा एक आहे, त्यावर मोठा नकाशा उघडला की तो अडकून बसतो. सत्तर हजारांचा झरझर चालतो. त्याच्या कळांवर बोटं ठेवली की मला पानांचे पुडे बांधून चिरलेली मोठ्या आईची बोटं दिसतात, आणि मी हात काढून घेते.

बोडीवरचा तो दिवस आठवतो. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी आटलं आहे, सगळ्या गावानं मिळून मासे धरले आहेत आणि तुम्ही पळसाच्या पानांवर घरटी एकेक वाटा लावता आहात. एका वाट्यात मोठा मरळ आहे. मी ते पान आपल्याकडे ओढते. तुम्ही माझ्या हातावर चापट मारता. "ठेव तो. वाटे ज्यानं केले त्यानं सगळ्यांच्या मांगून उचलावं. मंगच हात सीधा चालते." सगळे आपापलं पान उचलून जातात. आपल्याला बारीक मासे राहतात, आणि तुम्ही ते असे घेऊन निघता जणू तेच हवे होते.

इथे वाटा एकच आहे, आणि तो माझाच. माझ्याआधी उचलणारं कुणी नाही. मग माझा हात सीधा चालतो की नाही, हे मला कसं कळणार?

आज मोठ्या आईचा फोन आला. "काऊन वं, अजून आकडा नाई? दुकान पळून गेलं का?" मी म्हटलं, "पाहून राह्यली." ती म्हणाली, "पाय बापा, पन लहानसा नको घेऊ. आपलं जंगल मोठं हाय."

उद्या मी तिला पस्तीस सांगणार आहे. सभेत म्हणतील, बापावर गेली. तसं नाही, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे, दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. पस्तीस हजार नोकरी लागल्यावर फेडता येतील, सत्तर घेतले तर गावात परत यावंच लागेल, असं मी मनात धरून बसले आहे. पैसे परत द्या असं कुणी म्हटलेलं नाही. मीसुद्धा बारीक मासेच उचलते आहे, बाबा. पण मला बोडीवरून लवकर निघायचं आहे.