चांदीवर मारलेलं औषध

३ सप्टेंबर
चांदी दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाय. सात महिन्यांची गाभण, वाटलं जडावली असेल. आज शेपटी उचलून बघितलं. बाप रे. कासेच्या बेचक्यात गोचिडच गोचिड. एरंडाच्या बियांएवढे, टरटरून फुगलेले. कानातही. रोज हात फिरवते मी तिच्यावर. कुठं होतं लक्ष?
आबांना, सासऱ्यांना, दाखवलं. "गोचिड कुठल्या गायीला नसत्यात?" म्हणाले. पण चेहरा उतरला. एवढीशी कालवड असल्यापासून त्यांनीच वाढवलेली.

४ सप्टें.
सकाळभर दोघांनी वेचले. बोटं रक्तानं माखली. संध्याकाळी बघते तर तेवढेच पुन्हा.
शेजारच्या शेतातले शब्बीरभाई आले. "भाबी, गाय पे कम हैं. भिताडात बघा." विळ्याच्या टोकानं गोठ्याच्या भिंतीचा पोपडा काढला. आतली माती हलत होती. माती नव्हतीच ती. मी ओरडलेच.

६ सप्टें.
गुरांच्या डॉ.बाईंना सकाळी फोन. उद्या येते म्हणाल्या. आबा म्हणे आजच काय तरी करू. मला अंगणवाडीला उशीर होत होता. चप्पल घालता घालता बोलून गेले, "राहू द्या आबा. तुमच्याच्यानं एक गाय सांभाळवली नाय."
दुपारी घरी आले अन्
नाय लिहवत.

७ सप्टें.
शहरात, दवाखान्याच्या बाकावर. लिहून टाकते.
काल गोठ्याकडून वास आला. कपाशीच्या फवारणीचा. चांदी आडवी, तोंडाला फेस, सगळं अंग थडथडत होतं. बाजूला पाठीवरचा पंप. आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. "कपाशीचंच मारलं गं. पाणी लई घातलं व्हतं." अंग चाटताना तिच्या पोटातही गेलं असणार.
शब्बीरभाई अन् मी साबण लावून धूत राहिलो. फोन केला तशा डॉ.बाई हातातलं काम टाकून आल्या. मानेत सुई, थोड्या वेळानं पुन्हा. मी चांदीच्या डोळ्यांकडं बघत होते. डॉ.बाई एकदम आबांकडं बघत राहिल्या. त्यांचा सदरा फवारणीच्या औषधानं भिजलेला. तोंडातून लाळ. "आजोबा, नीट दिसतंय का?" आबा म्हणाले, "धुकं हाय."
भर दुपारी धुकं.
"गायीचं मी बघते. ह्यांना आधी न्या!"
शेजारीच बसलेले होते. मला दिसले नाहीत.
शब्बीरभाईंच्या पिकअपमध्ये घातलं. घाटात आबांनी माझा हात धरलेला, पडेगाव आलं तेव्हा सुटला. मी नाव घेऊन हाका मारल्या. सासऱ्यांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा घेतलं.

८ सप्टें.
आबा शुद्धीवर. पहिला शब्द, "चांदी?" उभी राहिली म्हणून सांगितलं. खरंच राहिलीय, शब्बीरभाईंचा फोन होता. इथल्या डॉक्टरांकडून कळलं, दोघांना टोचलं ते औषध एकच.
हे वाळूजहून ड्यूटी टाकून आले. बापावर चिडले, "कुणी सांगितलं होतं हा उद्योग करायला?" आबा छताकडं बघत होते. माझ्याकडं एकदाही बघितलं नाय. मी औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर गेले.

१२ सप्टें.
आबा घरी. डॉ.बाईंनी चांदीला तपासलं. पोटातल्या वासराचं आत्ताच सांगता येत नाय म्हणाल्या. गोचिडांचं खरं औषध त्या स्वतःच देणार, ती सावरली की. भिंतीचे पोपडे आम्ही खरवडून जाळले, भेगा लिंपल्या.
आबा गोठ्यात पाय टाकत नायत. दारापर्यंत येतात, वळतात.

१६ सप्टें.
आज सकाळी चांदीच्या कुशीला तळवा लावून बसले होते. आबा दारातून, "हाललं का?"
एकदा काहीतरी सरकल्यासारखं झालं. का तिचाच श्वास होता? "तुम्हीच या, बघा," म्हणाले. अन् तेवढ्यात सगळंच तोंडातून निघालं. "आबा, त्या दिवशी मी जे बोलले ना..."
"हात धुवून येतो," म्हणाले अन् गेले.
मी तशीच बसून होते. नळाचं पाणी वाहत होतं. वाहतच होतं.