सॅम्पल फ्लॅटमधला माझा संसार

तीर्थरूप आत्या,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा नमस्कार. (परवाच्या पत्रात तू मला भाचा म्हणायलाही तयार नाहीस, 'सदर इसम' असं लिहिलं आहेस. तरी नमस्कार घे.) गुडघे कसे आहेत? शिवणाच्या क्लासला मुली वेळेवर येतात का? रक्तदाबाची गोळी विसरू नकोस, आणि हे पत्र वाचायला बसण्याआधी तर आठवणीने घे. मी खुशाल आहे. फोन केला असता, पण तू माझा आवाज ऐकला की ठेवून देतेस. शेजारच्या काकूंच्या फोनवर केला, तर त्या म्हणाल्या, 'त्यांनी सांगितलंय, मी घरी नाही म्हणून सांगा.' मागून तुझ्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. तेव्हा लिहिण्यावाचून गत्यंतर उरलेलं नाही.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की माझं लग्न झालेलं असताना मी तुला माझ्यासाठी मुली बघत वणवण हिंडवलं, मला एक तान्हं मूल आहे, आणि तुझा सख्खा भाऊ, म्हणजे माझे बाबा, ज्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, ते माझ्याकडे आरामखुर्चीत बसून पेपर वाचतात. वर हे सगळं तुला पहिल्यापासून माहीत होतं, असंही मी सांगितलं. ही बातमी तुला स्थळाकडच्या, म्हणजे मुलीच्या, मातोश्रींनी दिली. आत्या, त्या बाई एका अक्षराने खोटं बोललेल्या नाहीत. जे पाहिलं आणि ऐकलं तेच त्यांनी तुझ्या कानावर घातलं. पण माझं लग्न झालेलं नाही, मूल म्हणजे एक टॉवेल आहे आणि ते बाबा म्हणजे आमच्या कचेरीतले हिशेबनीस. तू मला लहानाचं मोठं केलंस. तुझ्या नजरेतून उतरलो तर माझ्या मागे दुसरं कोण आहे? म्हणून काही न लपवता सगळं लिहितो.

तुला माहीतच आहे, आमची कंपनी इमारती बांधते आणि विकते. त्यातलं बांधण्याचं काम झकास चालतं. नवी इमारत वर्षभर उभी आहे, पण तिच्यात राहायला आतापर्यंत फक्त कबुतरं आली. तेव्हा साहेबांच्या मनाने घेतलं की इमारतीत खोट नसून आमच्यात आहे, आणि त्यांनी आम्हाला वळण लावायला एक प्रशिक्षक आणला. आम्ही त्याला 'उत्साहमूर्ती' म्हणतो. आम्ही सातजण एका खोलीत, तरी हा गृहस्थ कॉलरला माइक लावून बोलतो. मी नकाशे काढणारा माणूस, मला विक्रीशी काय देणंघेणं? पण त्याचं म्हणणं, कंपनीतला प्रत्येक माणूस म्हणजे कंपनीचा ब्रँड आहे. चहा करणाऱ्या मावशीसुद्धा. (मावशींनी विचारलं, 'म्हणजे पगार वाढणार का?' त्यावर तो नुसता हसला. हसणं हाही प्रशिक्षणाचा भाग होता.)

त्याने आम्हाला बोलायला शिकवलं. फ्लॅट म्हणायचं नाही, घर म्हणायचं. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत येते, तिला 'एकांत' म्हणायचं. लिफ्ट अजून बसलेली नाही, तिथे 'आरोग्यदायी जिना' म्हणायचं. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे गिऱ्हाइकासमोर 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणाच्या तोंडून निसटलाच, तर खुर्चीवर उभं राहून कंपनीचं ब्रीदवाक्य म्हणायचं: 'आम्ही घरं विकत नाही, माणसं वसवतो.' (त्यातला पहिला अर्धा भाग वर्षभर तंतोतंत खरा होता. शिवाय त्यातच 'नाही' येतं, हे हिशेबनिसांनी दाखवून दिलं आणि त्याबद्दल त्यांना दोनदा खुर्चीवर चढावं लागलं.) आठवडाभर हे असं चाललं. मला घरी दूधवाल्याने विचारलं, उद्या दूध नको ना? मी 'हो' म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी कोरा चहा प्यायलो.

एवढ्यावर थांबला असता तर तो उत्साहमूर्ती कसला? त्याने साहेबांना पटवलं की रिकाम्या खोल्या बघून माणसाला घर घ्यावंसं वाटत नाही, नांदतं घर बघून वाटतं. म्हणून रविवारी सॅम्पल फ्लॅटमध्ये एक सुखी कुटुंब बसवायचं. बाहेरून नट आणले तर ते पैसे मागतील, म्हणून कुटुंब कचेरीतूनच निवडलं. हिशेबनीस आजोबा झाले. रिसेप्शनवरच्या बाई सून झाल्या. आणि मुलगा म्हणून माझी निवड झाली, कारण बाकीचे पुरुष लग्न झालेले, आणि त्यांच्या बायका तो प्रकार बघायला हजर असणार होत्या. मी साहेबांना म्हणालो, मी बेढब उंच, तिथे शोभणार... आणि तोच शब्द तोंडावर आला म्हणून थांबलो. साहेबांना वाटलं मी होकार दिला. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे त्यांनी त्याच वेळी सहज आठवण करून दिल्यासारखं सांगितलं.

उंचीचं एवढ्यासाठी म्हणालो की सॅम्पल फ्लॅटमधलं फर्निचर मुद्दाम लहान करून घेतलेलं असतं. पलंग आखूड, सोफा बुटका, जेवणाचं टेबल तर शाळेतल्या बाकाएवढं. त्यामुळे खोल्या ऐसपैस दिसतात. (मापं मीच काढून दिली होती. केलं तसं भरलं म्हणतात ते हेच.) मला सक्त ताकीद होती की दिवसभर सोफ्यावर बसून राहायचं, काही झालं तरी उभं राहायचं नाही. गुडघे हनुवटीला लावून मी नांदत होतो. तान्हं मूल मिळालं नाही, तेव्हा आतल्या खोलीत पाळणा ठेवून त्यात टॉवेलची वळकटी पांघरुणाखाली निजवली, आणि बाळ झोपलंय असं हळू आवाजात सांगायचं ठरलं. साहेब स्वतः बाल्कनीच्या पडद्याआड फोटोग्राफरला घेऊन उभे. जो भूमिकेतून बाहेर येईल तो कंपनीतून बाहेर जाईल, हे त्यांचं शेवटचं वाक्य.

सकाळ छान गेली. लोक आले, बाळाला उठवू नये म्हणून चवड्यावर चालले, हिशेबनिसांच्या पाया पडता पडता राहिले. हिशेबनिसांनी तरुणपणी नाटकात कामं केली होती, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आजोबा म्हणून ते असे काही पेटले की 'सुनेने मला कधी काही कमी पडू दिलं नाही' म्हणत खरोखर डोळे पुसायला लागले. बाई मात्र शांत होत्या. मला सकाळपासून त्यांनी तीन वेळा चहा दिला, आणि दर वेळी साखर बरोबर. मी कचेरीत किती साखर घेतो हे त्यांना कसं ठाऊक, असा विचार मी करत होतो, आणि तेवढ्यात घर बघायला म्हणून दारात स्थळाकडच्या मातोश्री.

तू त्यांना माझा फोटो पाठवला होतास. माझ्या उंचीचा माणूस एकदा फोटोत पाहिला की विसरत नाही. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही त्या शिवणाचा क्लास घेणाऱ्या बाईंचे भाचे ना? आता आत्या, वडीलधारं माणूस समोर आलं की उठून उभं राहायचं, हे वळण तूच लावलंस, आणि ते उत्साहमूर्तीच्या वळणापेक्षा जुनं निघालं. मी ताडकन उभा राहिलो. छताला टांगलेल्या झुंबराला डोकं लागलं, झुंबर घंटेसारखं वाजायला लागलं, आणि माझ्या शेजारचा सोफा बाहुलीच्या घरातला असावा असा दिसायला लागला. पडद्याआडून साहेबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. मी बसलो.

पुढचं सगळं त्या एका बंदीने घडवलं. मी भाचाच ना, या प्रश्नाला मी 'हो' म्हणालो. या तुमच्या पत्नी का? साहेब पडद्याआड, 'नाही' म्हणायची सोय नाही, 'हो'. मूल आहे? 'हो', आत झोपलंय. मग हे कोण? हे माझे वडील. मातोश्रींचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, पण ते तर गेले म्हणून आत्यांनी सांगितलं होतं. त्यावर हिशेबनिसांनी पेपर खाली केला आणि 'मला काय धाड भरलीय?' असं खणखणीत आवाजात विचारलं. मातोश्रींनी खुर्चीचा आधार घेतला. शेवटी त्यांनी विचारलं, हे सगळं तुमच्या आत्यांना माहीत आहे? आणि आत्या, माझ्या तोंडून तेही 'हो'च आलं. तुझ्या नावाला बट्टा लागला तो त्या क्षणी. मी तुझी क्षमा मागतो, मला अगदी मनापासून वाईट वाटतं.

त्या तरातरा आतल्या खोलीत गेल्या, मूल बघायला. नाव काय म्हणून विचारलं, तर मी आणि बाई एकाच वेळी दोन वेगळी नावं बोललो. बाई जराही न गडबडता म्हणाल्या, 'एक ह्यांच्या आवडीचं, एक माझ्या. अजून भांडण चालू आहे आमचं.' इतकं सहज म्हणाली की (म्हणाल्या की) क्षणभर मलाच वाटलं, खरंच चालू असेल. मातोश्रींनी पांघरुणावरून टॉवेलला हळूच थोपटलं, 'ह्या बिचाऱ्याचा काय दोष' म्हणाल्या, आणि मग बाहेर येऊन मला जे काही बोलल्या ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. निम्मं तू परवा लिहिलंच आहेस.

मला वाटलं, संपली नोकरी. पण त्या गेल्यावर बघतो तर बघायला आलेली दोन जोडपी भिंतीला चिकटून उभी होती आणि दोघांनाही घर हवं होतं. त्यातल्या एका बाईंनी सांगितलं, एवढं सगळं रामायण झालं तरी सुनेने सासऱ्यांना पाणी नेऊन दिलं, अशा वास्तूत राहायला मिळालं पाहिजे. साहेब पडद्यातून बाहेर आले ते मला मिठी मारायलाच. माझी नोकरी तिथल्या तिथे कायम झाली. आणि पुढे त्यांनी विचारलं, त्या मातोश्री दर रविवारी येतील का? उत्साहमूर्ती तर आता तो प्रसंग पाठ करून घेतो आहे. माझ्या जागी चहावाल्या मावशींना खुर्चीवर उभं करून झुंबराची उंचीही ठरवून झाली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघं आवराआवर करत होतो. बाईंनी पाळण्यातून बाळ काढलं, झटकलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं. आत्या, हसू नकोस, मी कपाटाचं दार आवाज न करता लावलं. दिवा बंद करताना त्या म्हणाल्या, 'चला, आपापल्या घरी.' मी माझ्या खोलीवर आलो. तिथला पलंग माझ्या मापाचा आहे, तरी झोप लागली नाही.

तेव्हा राग सोड आणि त्या मंडळींना खरं काय ते कळव. हिशेबनिसांनी तुझी माफी मागितली आहे आणि भाऊ या नात्याने तुला आशीर्वाद कळवले आहेत. (ते अजून भूमिकेतून बाहेर आलेले नाहीत.) तब्येतीला जप.

तुझाच, अजूनही अविवाहित,
भाचा

ता. क. त्या मंडळींना खरं कळवायची फार घाई करू नकोस. त्यांनी मुलीसाठी दुसरीकडे बघायला सुरुवात केली असेल तर उगाच त्यांच्या कामात खोडा नको.

ता. क. दुसरा. तू पुढच्या आठवड्यात इकडे येशील का? रिसेप्शनवरच्या बाईंचे वडील घड्याळं दुरुस्त करतात, त्यांचं दुकान बसथांब्यासमोरच आहे. तुझं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं, ते घेऊन ये. बोलता बोलता विषय काढ. तिला मी याबद्दल काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. तेवढी छाती माझ्यात नाही. हे काम तूच कर.

ता. क. तिसरा. (हे अक्षर माझं आहे, त्यांचं नव्हे.) आत्याबाईंना नमस्कार. कचेरीतलं सगळं टपाल माझ्या टेबलावरून जातं. हे पाकीट उघडंच आलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. मी दोनदा वाचलं. घड्याळ आणायचं असेल तर जरूर आणा, बाबा छान दुरुस्त करतील, पण विषय काढू नका. हे पत्र तुमच्याकडे पोचून तुम्ही इकडे येईपर्यंत आठवडा जाईल, आणि माझं टेबल त्यांच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांना म्हणावं, स्वतः येऊन विचार. माझा होकार आहे. तो त्यांना इतक्यात कळवू नका, जरा घाबरू देत.