उजवं दार, डावं दार

त्रिएस्ते, २२ एप्रिल २००७

ति. मेरिमाताईस,
नेर्मिनचा सा. न. वि. वि.

मी बरा आहे. हॉटेलात बशा घासतो; मालकाचं मांजर माझ्याहून चांगलं जेवतं. काल समुद्रावर एक म्हातारा भेटला, पण ते राहू दे. तुझं पत्र वाचल्यापासून हातातून बशा सुटतायत.

नऊ मेला, युरोप दिनाला, आपली सुमेया कॅथलिक पोरांबरोबर गाणार? अगं, आपल्या-त्यांच्या लढाईनंतर एका इमारतीत दोन शाळा झाल्या, एक आपली मुसलमानांची, एक त्यांची, तेव्हापासून माझी सगळी शाळा डाव्या दारानं झाली. त्यांच्या उजव्या दाराला मी बोट लावलं नाही. स्वतःच्या गाडीच्या काचा कुणी फोडल्या तरी गाण्याच्या वेस्नाबाई म्हणतात, आपण सगळे युरोपचे, हे पोरांना शाळेतच कळायला हवं. युरोप मला विचारा म्हणावं, त्याची भांडी मी घासतो.

लोभ असू दे, आणि त्या दिवशी पोरीला घरात असू दे.

तुझा नेर्मिन

१ मे

चि. नेर्मिनास अनेक आशीर्वाद.

म्हाताऱ्याचं अर्धवट का सोडलंस, असं तुझी भाची विचारते. तिला घरी ठेवते म्हटलं तर जेवणच टाकलंय.

बाईंचा हट्ट आहे की आपली पोरं उजव्या दारानं यावीत, त्यांची डाव्या. दोन्ही दारांवर कुणीतरी रंगवून ठेवलंय, पाय मोडू. काल बेकरीच्या रांगेत त्यांच्यातली आंजा उभी होती. तिची तेरेझा सुमेयाशेजारी गाते. माझ्याकडे न बघताच म्हणाली, मलाही झोप नाही. मग तिनं एक गोष्ट सुचवली. तुला सांगितली तर आगगाडीत बसशील, म्हणून सांगत नाही.

लोभ आहेच, सध्या भीती त्याहून जास्त आहे.

मेरिमा

५ मे

ताई, सा. न.

म्हातारा जाळं विणत होता, एवढंच. आंजानं काय सुचवलं ते आधी कळव. त्या बाईवर विश्वास टाकू नकोस. घाईत आहे, लोभ आहे.

नेर्मिन

१० मे

चि. नेर्मिनास आशीर्वाद.

पोरी सुखरूप आहेत, हे आधी.

आंजाचं म्हणणं होतं, आपापली पोर आपण न्यायचीच नाही. तेरेझाला डाव्या दारानं मी आणायचं, सुमेयाला उजव्या दारानं तिनं. आपल्या गल्लीतलं कुणी माझ्या हातातल्या पोरीवर दगड उचलणार नाही, तिकडचं कुणी तिच्या हातातल्या.

गल्ली दोन्ही बाजूंना उभी होती. आपल्या बाजूला कासिमकाकांची मूठ बंद होती. मला बघून त्यांनी ती पाठीमागे नेली. मी चालत राहिले. मनात एकच होतं, पलीकडे आंजानं सुमेयाचा हात सोडला तर? तिच्याही मनात तेच असणार. आत मैदानात पोचेपर्यंत दोघी दिसल्याच नाहीत.

मग दिसल्या. तेवढ्यात तेरेझा म्हणाली, मावशी, हात दुखतोय. बघते तर तिच्या मनगटावर माझी बोटं लाल उमटलेली.

सुमेयाच्या मनगटावर आंजाची.

लोभ असाच घट्ट असावा.

तुझी ताई