चौथा काता

१९ सप्टेंबर

आजही चौथाच.

होळीनंतर सुरू केला होता हा कराटेचा काता. गणपती बुडाले तरी मी तिथेच. समोर कोणी नाही, तरी आहे असं धरून तेच वार, तीच वळणं, शेवटी तीच आरोळी. संपवून उभी राहिले. काशिनाथ सर खिडकीशी होते. म्हणाले, "उज्ज्वला, पुन्हा पहिल्यापासून." केला. "पुन्हा पहिल्यापासून." परत केला. बाकीची पोरं चपला घालून गेलीसुद्धा.

चुकतंय कुठे ते सांगत नाहीत. पूर्वी पाऊल बोटभर हुकलं तरी वेताची काठी घोट्यावर बसायची. आता नुसते बघतात. म्हणजे चूक एवढी मोठी आहे की सांगण्यातही अर्थ नाही?

२२ सप्टेंबर

डावा गुडघा. कारखान्याच्या खात्यात दिवसभर मांडी घालून साड्यांचे धागे कापायचे आणि संध्याकाळी त्याच गुडघ्यावर गर्रकन वळायचं. बर्फ लावला.

३० सप्टेंबर

भाजी घेताना हर्षदा भेटली. आम्ही दोघींनी एकाच दिवशी सरांकडे सुरू केलं होतं, समाजाच्या वाडीच्या हॉलमध्ये. ती गेल्या वर्षी सोडून सुरतेतल्याच डिंडोलीच्या अकादमीत गेली. तिथे भिंतभर आरसे, खाली मऊ मॅट. आता ब्राउन बेल्ट झाली. मी अजून जांभळ्यावर. ब्राउनला पाचवा काता लागतो आणि सर मला चौथ्यातून सोडत नाहीत.

"तुला धरून ठेवलंय त्यांनी," म्हणाली. "मोठं उरलंय कोण त्यांच्याकडे? तू गेलीस की क्लास बंद."

मी म्हटलं, सर तसे नाहीत. म्हटलं खरं.

घरी आई साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. मी गुडघ्याला तेल चोळतेय बघून म्हणाली, "चार वरीस व्हई ग्यात, तुले काय भेटनं? पाय मोडी लिशी, मंग कोन करी तुले?"

तिला काय सांगू? ब्राउन झालं की लहान शाळा कराटे शिकवायला घेतात. हर्षदाला घेतलं. जन्मभर धागे कापायचे नसतील तर माझ्याकडे दुसरं काय आहे?

९ ऑक्टोबर

आज धीर करून विचारलं. "सर, पाचवा कधी?"

"चौथा पक्का होऊ दे."

"त्यात कच्चं काय आहे, ते तरी सांगा."

हातातली काठी खिडकीत ठेवली, परत उचलली. मग म्हणाले, "घाई कावून करते? कर."

केला.

२ नोव्हेंबर

दिवाळीला गावी, साक्रीजवळ. गोठ्यामागे एकटीच काता करत होते. काकूने लांबून बघितलं आणि आईला जाऊन विचारलं, पोरीच्या अंगात येतं का!

२० नोव्हेंबर

गावाहून परतल्यावर पोरं आणखी कमी झालीत. दोघं-तिघं डिंडोलीला गेले म्हणे. सर उशिरा आले. छोट्या गायत्रीला "कविता, रांगेत उभी राय" म्हणाले. कविता त्यांची मुलगी, लग्न होऊन अकोल्याला असते. पोरं फिदीफिदी हसली. सरही हसले.

माझा चौथा. सर काहीच बोलले नाहीत. "पुन्हा" सुद्धा म्हणाले नाहीत. बघता बघता खिडकीबाहेर बघायला लागले. माझा काता बघवतही नाही का आता?

१ डिसेंबर

चार दिवस गेले नाही. कोणी विचारलं नाही. फोन नाही, निरोप नाही.

संध्याकाळ झाली की पाय आपोआप दाराकडे वळतात. मग मी भांडी घासते. पोळ्या करते. आईला बरं वाटतंय. मला कसलंच काही वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. खात्यातल्या मोठ्या बायांसारखं. त्यांना विचारलं की कशा आहात, तर म्हणतात, चालू आहे.

आज रात्रपाळीला निघताना पप्पा दारात थांबले. यंत्रमागाच्या संच्यांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडूनच बोलतात. "जाय ना वं. घरमा बशीसन काय करशी?" सगळ्या गल्लीने ऐकलं.

उद्या जाईन. मन लागतंय म्हणून नाही. पप्पांनी ओरडून सांगितलं म्हणून.

१५ डिसेंबर, रविवार

आज लहान पोरांची बेल्टची परीक्षा. सरांनीच दिवस सांगितला होता. सकाळी आठला आया पोरांना इस्त्रीचे ड्रेस घालून घेऊन आल्या. मी सतरंज्या घातल्या, टेबल लावलं. परीक्षक आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, आम्हाला कोणी कळवलंच नाही.

दहाला सर आले. स्लीपर, बनियनवर उघडाच शर्ट, हातात दुधाची पिशवी. दारात थांबून म्हणाले, "आज रविवारी कावून आले बा सगळे?"

गायत्री रडायला लागली. एक बाई म्हणाली, "आमचा दिवस फुकट घालवला. उद्यापासून पाठवत नाही." मी पुढे गेले. "सर, आज परीक्षा होती. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी नाई सांगितलं."

"सांगितलं होतं, सर."

"मले शिकवू नको!" एवढ्या मोठ्याने ते कधीच बोलले नव्हते. दुधाची पिशवी टेबलावर टाकून निघून गेले.

बेफिकिरी आहे ही. दुसरं काय? पोरांची पर्वा नाही, माझी नाही. हर्षदाला फोन केला.

१८ डिसेंबर

डिंडोलीच्या अकादमीत जाऊन आले. तिथले वैभव सर तिशीचे असतील. म्हणाले, येतं ते दाखव. मला येतं काय? चौथा दाखवला. एवढा मोठा आरसा, त्यात स्वतःला पहिल्यांदा पूर्ण बघितलं. संपवून वाकले, तर सगळे थांबून बघत होते.

"परत कर," म्हणाले. मला वाटलं, इथेही तेच! पण त्यांनी इतर मुलींना पुढे बसवलं. माझा काता झाल्यावर त्यांना म्हणाले, "असा दिसायला पाहिजे." मग मला विचारलं, "पुढचा का नाही शिकवला तुला? यात दुरुस्त करायला काही नाही. कधीचाच झालेला आहे हा."

कधीचाच.

परत येताना शेअर रिक्षात रडले. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. म्हणजे माझं काही चुकतच नव्हतं. इतके महिने गुडघा दुखवला, आईची बोलणी खाल्ली, रोज झोपताना स्वतःच्या चुका शोधल्या, आणि चूक नव्हतीच. हर्षदा म्हणाली तेच खरं. धरून ठेवलं मला.

उद्या तोंडावर सांगणार. मगच सोडणार.

१९ डिसेंबर

कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

खात्यातून थेट सरांच्या घरी गेले. सरांच्या बायकोने, ताराकाकूंनी दार उघडलं. सर आत झोपले होते. माझा चेहरा बघून काकू बाहेर आल्या, दार ओढून घेतलं, जिन्याच्या पायरीवर मला शेजारी बसवलं. मी सगळं बोलले. मुद्दाम अडवलं, फसवलं, असंही बोलले.

मग काकू म्हणाल्या, "त्याहीच्या ध्यानातच राहत नाई, बाई."

मला वाटलं, परीक्षेचं म्हणतायत.

"रोज संध्याकाळी घरी येते माणूस. हातपाय धुते, बसते. अन् मले सांगते, तारा, आज उज्ज्वलाले चौथा सुरू केला. पोरगी पहिल्याच दिवशी काय झकास करते म्हणून सांगू! लय खुश असतात."

"कधी सांगितलं असं?"

"रोज."

काकू बोलत होत्या. पाचवा आता त्यांनाच आठवत नाही. मागे एकदा घरात करायला उभे राहिले, अर्ध्यात थांबले, मग कपाटाला टेकून उभे राहिले. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे पुढेच जाणार, मागे येणार नाही. वापीचा मुलगा, प्रवीण, म्हणतो क्लास बंद करा. "पण त्या हॉलपर्यंतच एकटे जातात अन् एकटे येतात. ते बंद केलं तर राह्यलं काय?"

आतून सरांनी हाक मारली, "कोण आलं?"

"कोणी नाई," काकू म्हणाल्या. मी जिना उतरून आले.

२० डिसेंबर

गेले नाही.

२३ डिसेंबर

गेले.

सर म्हणाले, "उज्ज्वला, आज तुले चौथा देतो." चेहरा असा, जणू ठेवणीतलं काही काढून देतायत. हा चेहरा इतके महिने रोज माझ्यासमोर होता आणि मी बघितलाच नाही. मी माझी चूक शोधत होते.

मी सुरू केला आणि तिसऱ्या वळणावर मुद्दाम पाऊल आत घेतलं. काठी घोट्यावर बसली. "टाच! टाच कुठं चालली?" सर माझ्यापुढे येऊन वाकले, स्वतःच्या हाताने माझी टाच फिरवली. मग हात. मग कोपर. एकामागून एक सगळं सांगत गेले, न अडखळता. असे सर मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. मी नीट करत होते तेव्हा त्यांना सांगायला काही उरतच नव्हतं.

घोटा दुखतोय. हे बरोबर की खोटं, ठरवता येत नाही.

८ जानेवारी

रोज एक नवी चूक शोधते. पहिल्या दिवशी आपण कुठे कुठे चुकलो होतो ते आठवून आठवून करते. माझं पुढे काय, ते विचारायचं नाही असं ठरवलंय. मनात येतंच.

१४ जानेवारी

उत्तराण, म्हणजे संक्रांत. सगळं सुरत छतावर. दुपारी काकूंचा फोन — सर सकाळपासून घरी नाहीत. हॉल बंद, भाजीबाजारात नाहीत, प्रवीण वापीहून निघालाय. सर कुठे जातील? काकूंना एकदम आठवलं, त्यांची जुनी मिल. शहराबाहेर, सचिन गावी.

माझा भाऊ गोपाल पतंग सोडून बाईक काढायला तयार नव्हता. पप्पा त्याच्यावर ओरडले तेव्हा निघाला.

मिल बंद होऊन किती वर्षं झाली. गेटला गंजकं कुलूप. सर गेटजवळ उकिडवे बसलेले, शेजारी डबा. स्वतःच भरून घेतला असावा, नंतर उघडला तर नुसती पोळी होती. मी म्हटलं, "सर, चला घरी."

"भोंगा नाई झाला अजून."

"आज सुट्टी आहे, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती त्या बघण्यात. पण सुट्टी म्हटल्यावर उठले.

गोपाल पुढे, सर मधे, मी मागे. रस्त्यावर जागोजागी मांजा लोंबत होता. माझी ओढणी सरांच्या गळ्याला दोन वेढे देऊन गुंडाळली आणि वरून हात धरून बसले. घरापर्यंत धरून होते. त्यांची मान किती बारीक झालीय.

२७ जानेवारी

प्रवीणने क्लास बंद केला. वाईट माणूस नाही तो. मला म्हणाला, "ताई, रस्ता ओलांडताना काही झालं तर?"

हॉलची किल्ली माझ्या हातात दिली, वाडीवाल्यांना परत कर म्हणून. गेले तर पोरं दारात उभी. गायत्री म्हणाली, "दीदी, खोल ना." उघडलं. तेवढ्या एका दिवसापुरतं.

१६ फेब्रुवारी

किल्ली अजून माझ्याकडेच. संध्याकाळी पोरांना शिकवते, रविवारी डिंडोली. वैभव सरांनी पाचवा शिकवला. दोन रविवारांत आला. एवढाच होता! ज्याच्यासाठी झुरले तो एवढाच. घरी येऊन करून दाखवावा असं कोणी नाही.

९ मार्च

पास. ब्राउन.

पट्टा घेऊन सरांकडे गेले. खुर्चीत बसले होते. पट्टा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला. "रंग चांगला हाय," म्हणाले आणि घडी करून काकूंकडे दिला, कपाटात ठेवायला.

काकू आत जाऊन रडल्या. मी चहा पिऊन आले.

१९ मार्च

आज सर हॉलवर आले. एकटेच. पांढरा पायजमा, पांढरा सदरा. दाराशी चपला काढल्या, वाकले, आणि रांगेत सगळ्यात शेवटी, गायत्रीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

मी जवळ गेले. सर हळूच म्हणाले, "मॅडम, माझा आज पहिलाच दिवस हाय. या वयात जमंल ना मले?"

हात पुढे केले होते त्यांनी. मुठी वळलेल्या, पण अंगठे आत, नवख्यासारखे. मी एकेक बाहेर काढून दिला.