पंधरावी जोडी

॥ श्री ॥
घुग्घुस, १२ जानेवारी २००५

चि. हेमराज यास दामिनीबाईचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर तुह्यं एकही पत्र नाई. हैदराबादच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हलवता हलवता बहिणीला विसरला वाटते. फोन करणार होती, पण एस.टी.डी.वाल्याच्या दुकानात चार माणसं कान लावून बसतात, आणि हे बोलणं तसं नाई.

सासूबाईंनी ह्यांच्यासाठी दुसरी पोरगी पाह्यली. मूल गावाकडची, रुपाली नावाची, एकोणीस वर्षांची. बाप पत्रू तलावात जाळं टाकतो. होळीनंतर लग्न. सासूबाई म्हणतात, नऊ वर्षं वाट पाह्यली, आता दामिनीनं मोठं मन करून स्टॅम्पपेपरवर सही द्यावी, का माही हरकत नाई. ह्यांचे मोठे भाऊ मुखरूभासरे, त्यांनी गोकुळा जाऊबाईला वांझ म्हणून माहेरी धाडलं, दुसरी आणली, तिलेही पोर नाई. मले धाडणार नाई म्हणतात, घरातच एका बाजूला राह्यचं. बोलणं निघालं का हे कानाचं मशीन काढून पेपर वाचत बसतात.

हेमराज, दोन वेळा पिशवी साफ केली. वैदूचं कडू पाणी वर्षभर प्याली. मागच्या उन्हाळ्यात नागपूरला दुर्बिणीनं पोट तपासलं तेव्हा तूच माह्या उशाशी होता. सगळे डॉक्टर म्हणाले, बाईत काई दिसत नाई. आणि हे म्हणतात, माही तपासणी हेमराजनंच हैदराबादला करून घेतली, सगळं बरोबर आहे. मग अडलं कुठी? तू एवढा शिकला. दोष माह्यात असन तर तसं लिही. तू लिहिलं का मी त्याच दिवशी सही करते. दुसऱ्या कोणाचं मी मानत नाई.

थंडीत गळ्याला मफलर बांधत जा. बहिणीवरची माया कमी होऊ देऊ नको.

तुही,
दामिनीबाई


हैदराबाद, २४ जानेवारी २००५

ती. सौ. दामिनीबाईस हेमराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. उशीर झाला, माफ कर. इथे कामाची फार गर्दी आहे. सरांनी नवीन यंत्र आणलं, त्याच्यापुढे दिवसभर बसावं लागतं. घरमालकीण तेलुगूत रागावते आणि मी मराठीत हो हो म्हणतो, असं आमचं छान चाललं आहे.

सहीची घाई करू नकोस. मूल दत्तकही घेता येतं, त्याचा विचार व्हावा. दोष वगैरे मनात आणू नकोस. शरीराच्या गोष्टी गुंतागुंतीच्या असतात, त्या पत्रात काय सांगणार? भाऊजींना नमस्कार.

आहे तसा जीव लावत राहा.

तुझा,
हेमराज


घुग्घुस, २ फेब्रुवारी २००५

चि. हेमराज यास आशीर्वाद.

तुह्या पत्रात घरमालकीण आहे, यंत्र आहे, दत्तक आहे. मी विचारलं ते नाई. लहानपणी बाबाच्या डोंग्याचं वल्हं तू नदीत सोडलं, तेव्हाही घरी येऊन ऊन किती तापलं तेच सांगत बसला होता.

सोमवारी, २१ तारखेले, वकील कागद घेऊन येणार आहे. तोपर्यंत तुह्यं उत्तर नाई आलं तर दोष माह्यातच आहे, आणि तुह्यानं ते लिहवत नाई, असं मी समजून घेईन.

दामिनीबाई


हैदराबाद, ११ फेब्रुवारी २००५

ती. दामिनीबाईस हेमराजचा नमस्कार.

बाई, सही करू नकोस. दोष तुझ्यात नाही. मला हे दीड वर्षापासून माहीत आहे.

भाऊजी आणि मुखरूभाऊ कान दाखवायला म्हणून इथे आले होते, आठवतं? तेव्हा भाऊजींनी मूल होत नसल्याचीही तपासणी केली. सरांनी दोघा भावांचं रक्त घेतलं. निकाल यायला वेळ लागला.

पुरुषाच्या बीजाला शेपटी असते, तिच्या जोरावर ते पोहत जातं. त्या शेपटीवर फार बारीक दारं असतात. दारांतून कॅल्शियम आत शिरलं की शेपटी जोरानं फटके मारते, आणि तो जोर असल्याशिवाय बीज स्त्रीबीजात घुसू शकत नाही. ती दारं घडवणाऱ्या एका जनुकाला कॅटस्पर-दोन म्हणतात. आपल्या गुणसूत्रांच्या जोड्या असतात. भाऊजींच्या पंधराव्या जोडीत नेमका तेवढा तुकडा दोन्ही बाजूंनी गळालेला आहे. त्याला लागूनच ऐकण्याचा एक जनुक असतो, तोही सोबत गेला. लोक म्हणतात खाणीतल्या स्फोटांनी कान गेले. पण भाऊजींना शाळेतही कमी ऐकू यायचं. मुखरूभाऊंच्या रक्तातही तेच निघालं. त्यांचे आईवडील नात्यातले, आतेमामेभावंडं. दोघांनी एकेक तुटकी बाजू दिली. त्यात कोणाचं पाप नाही.

पाप पुढे झालं. भाऊजींनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून मला शपथ घ्यायला लावली. म्हणाले, खाणीवर माणसं हसतील, आणि तू तोंड उघडलंस तर त्याच दिवशी तुझ्या बहिणीला माहेरी पोहोचवतो. मी घाबरलो. प्रयोगशाळेचा नियम आहे की एकाचा निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही. मी मनाशी त्या नियमाचं नाव घेत राहिलो. खरी होती ती भीतीच. नंतर सांगायची लाज वाटली, आणि मग उशीरच झाला.

आणखी एक लिहितो. सरांनी उपाय सांगितला होता. बीज पोहत नसेल तर सुईनं स्त्रीबीजात सोडता येतं, मूल होऊ शकतं. भाऊजी म्हणाले, त्यासाठी तिला सांगावं लागेल. आणि उठून गेले.

तू मार, पण तोडू नकोस.

हेमराज


वैरागड, १४ मार्च २००५

हेमराज,

तुह्यं पत्र रजिस्टरनं आलं. पोस्टमनच्या कागदावर सही केली. त्या महिन्यात मी केलेली सही तेवढीच.

ह्यांना मी पत्र वाचून दाखवू लागली. दुसऱ्याच ओळीला त्यांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं. मग मी कागदच हातात दिला. त्यांनी दोनदा वाचलं आणि पह्यलं वाक्य काय बोलले, का हेमराजनं शब्द मोडला. मग लहान लेकरासारखे रडले, म्हणाले उद्याच हैदराबादले जाऊ, सुईचं करून घेऊ. मी विचारलं, मागच्या वर्षी दुसऱ्यांदा पिशवी साफ केली तेव्हा आठ दिवस रक्त थांबत नव्हतं, तुम्ही नारळाचं पाणी आणून द्यायचे, तेव्हा तुम्हाले माहीत होतं नं? मले पोर पाह्यजे होतं, अजूनही पाह्यजे. पण त्या माणसाजवळ निजायचं मन नाई.

मग मी मूलले गेली. पत्रूभाऊनं सगळं ऐकून घेतलं. रुपाली दारातून पुढे आली आणि मले म्हणाली, बाई, मले पोर झालं नसतं तर मले कुठी धाडलं असतं? तिच्या बापानं लग्नाचं लुगडं त्याच दिवशी सासूबाईंकडे परत केलं.

तिथून इथी, जाऊबाईकडे आली. गोकुळाबाई बाजारासाठी मासे साफ करत होती. मी वाचत गेली तसा तिचा विळीवरचा हात थांबला. मुखरूभाऊंची ओळ तिनं माह्याकडून चार वेळा वाचून घेतली. चौदा वर्षं झाली. भावांच्या घरी बारसं असलं का तिले पाळण्याजवळ येऊ देत नाई. तिचा बाप मरेपर्यंत म्हणत राह्यला, पोरीनं नाव घालवलं. आता मी तिच्याच घरी राहून राह्यली. दोघी आरमोरीच्या बाजारात मासे विकतो.

ह्यांनी आपली अब्रू झाकली, ते मले समजते. माफ नाई करत, पण समजते. तू कोणाची झाकली? मी शाळा सोडून कोळंबी निवडत बसली तेव्हा तू शिकला, ते मी कधी बोलली नाई, आजही बोलायचं नव्हतं. नागपूरले भूल उतरत होती तेव्हा मी तुले विचारलं, का रे, सापडलं काई? तू माह्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाला, बाई, झोप. तुले माहीत होतं का माह्या पोटात सापडण्यासारखं काईच नाई. तरी डॉक्टरांना कापू दिलं. सासरची माणसं मले परकी होती. तू नव्हता. महिनाभर माफ करून पाह्यलं, होत नाई.

एक काम कर. तू मले रजिस्टरनं लिहिलं तेच सगळं गोकुळाबाईच्या नावानं लिही. पूर्ण नावानं, शाईनं, खाली तुही सही. शिक्का मिळत असन तर शिक्का. नियमाचं मले सांगू नको. तिच्यात दोष नव्हता हे वाक्य सगळ्यात वर पाह्यजे, कारण तिचे भाऊ पुढचं वाचणार नाई.

तिले वाचता येत नाई, मी वाचून दाखवीन. माह्यासाठी त्यात काई लिहू नको.

दामिनी